पडला नाही, पाडला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका किल्ल्यावर घेऊन जाणार आहे. घाबरू नका, फार दमवणार नाही. सकाळच्या लोकलनं निघालं तर संध्याकाळच्या चहाला माणूस घरी परत येतो, एवढाच हा किल्ला. दोर नको, तंबू नको, मुक्काम नको. वाटाड्याही नको असं मी म्हणणार होतो, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

गोष्ट सप्टेंबर २०२५ मधली. माझी नात चौथीत होती. आपल्याकडे चौथीला इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराज असतात. माझ्या मुलाला होते, आता नातीला आले. तोरणा झाला, पुरंदर झाला, पन्हाळ्याचा वेढा झाला, आणि एके दिवशी जेवताना तिनं जाहीर केलं, "आजोबा, मला खराखुरा किल्ला बघायचाय." मी म्हटलं, "अगं, सिंहगड बघितलायस की." त्यावर ती म्हणाली, "तिथे आपण गाडीनं गेलो आणि भजी खाल्ली." आता यावर काय बोलणार? आम्ही खरोखरच गाडीनं गेलो होतो. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही असं सगळं साग्रसंगीत झालं होतं. तिच्या हिशेबात तो किल्ला नव्हताच, ते हॉटेल होतं.

तेव्हा ठरलं, चालत जायचं. कुठे? माझ्या तोंडून पटकन नाव आलं, विसापूर.

पुणे-लोणावळा लोकलनं जाताना कामशेत सोडलं की डाव्या हाताला डोंगरांची एक जोडी दिसायला लागते. त्यातला एक लोहगड आणि दुसरा विसापूर. दोघांच्या मधे एक खिंड आहे, तिला गायमुख खिंड म्हणतात. लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली, तिथे उतरायचं. रुळांच्या पलीकडे द्रुतगती महामार्ग, तो पुलावरून ओलांडायचा की भाजे गाव येतं. भाज्यातून वर जाणारा रस्ता खिंडीत पोचतो. खिंडीतून उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. शंभरातले नव्वद लोक उजवीकडे वळतात. हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, कुठल्या पाहणीतला नव्हे. आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. लोहगडाला चांगल्या रुंद पायऱ्या आहेत. एकापाठोपाठ एक चार दरवाजे आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वर विंचूकाटा आहे. नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनांचं तळं आहे. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगडाचं नाव आहे. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ती बातमी आल्यानंतरचा तो पावसाळा. लोहगडाच्या पायथ्याशी रविवारी गाड्यांची रांग किती लांब असायची, ते मावळातल्या मंडळींना विचारा.

विसापूरचं नाव त्या यादीत नाही. शेजारी राहून नाही. मला त्याबद्दल तक्रार करायची नाही, यादी म्हटली की कुणीतरी बाहेर राहणारच. पण त्या दिवशी लोकलमध्ये बसल्यावर मनात आलं, एका अंगणातले दोन भाऊ, एकाचा सत्कार आणि दुसऱ्याला पत्रिकासुद्धा नाही.

लोकलमध्ये नात खिडकीशी बसली होती. दर दोन मिनिटांनी विचारत होती, "किल्ला आला की सांगा हं." तिच्या डोक्यात किल्ला म्हणजे काय होतं ते मला नंतर कळलं. टीव्हीवरच्या कार्टूनमधला उंच निमुळत्या मनोऱ्यांचा, टोकाला झेंडे असलेला राजवाडा, अधिक दिवाळीत आमच्या सोसायटीच्या आवारात मुलं करतात तो मातीचा किल्ला. दोन्हींत एक गोष्ट सारखी असते. दोन्ही नवे कोरे असतात. सगळ्या भिंती उभ्या, दरवाज्यात पहारेकरी, वर सिंहासनावर महाराज. किल्ला मोडलेला असू शकतो हे नऊ वर्षांच्या मुलीला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मळवलीला उतरून चालायला लागलो. ऊन कोवळं होतं. भातखाचरं पोटरीला आलेली. भाज्याच्या लेण्यांपाशी थोडं थांबलो. ही लेणी विसापूरच्याच डोंगराच्या पोटात कोरलेली आहेत, बावीस लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या कमानी अजून आहेत. दगडाला लाकडाची सवय सुटत नव्हती असा तो काळ. लेण्यांवर एक वेगळं भाषण होईल, म्हणून इथे आवरतो. एकच गोष्ट सांगतो, कारण ती मी नातीलाही सांगितली. १९८९ च्या जुलैत याच भाजे गावावर दरड कोसळली होती आणि माणसं गेली होती. डोंगर आपल्याला रविवारी सुंदर दिसतो. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो सोमवारीही असतो, आषाढातल्या रात्रीही असतो. एवढं डोक्यात ठेवून वर जावं.

विसापूरची वाट लोहगडासारखी राजरोस नाही. आधी झाडीतून जाते, मग एका घळीला लागते. या घळीत पूर्वीच्या दगडी पायऱ्या आहेत. काही जागेवर, काही सुटून आडव्यातिडव्या पडलेल्या. पावसाळ्यात याच पायऱ्यांवरून पाणी खळाळत खाली येतं, म्हणजे तुम्ही चढता ती वाट आणि पाणी उतरतं ती वाट एकच. जुलै-ऑगस्टात इथे मौज करायला झुंबड उडते आणि घसरून पडणारेही दर वर्षी असतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी पोटरीच्या खालीच होतं. नात बूट भिजवायला मिळाले म्हणून खूश, आणि आजोबांचे गुडघे काय म्हणत होते ते आजोबांनाच ठाऊक. सत्तरीच्या माणसानं पाण्यातून पायऱ्या चढू नयेत असं घरून बजावलं होतं. मी ते ऐकलं होतं. पाळलं नाही.

वरच्या अंगाला मारुतीचं ठाणं आहे, शेजारी दोन गुहा आहेत. उन्हाळ्यात तीस-चाळीस माणसं आरामात झोपतील एवढ्या, पण पावसाळ्यात आत पाणी साठतं. तिथे घोटभर चहा घेतला, थर्मासमधला. मग शेवटची चढण चढून आम्ही माथ्यावर आलो.

माथा म्हणजे मोठं विस्तीर्ण पठार, थोडं उंचसखल. सोनकीची पिवळी फुलं जिकडेतिकडे. मधूनमधून तेरड्याचा जांभळा-गुलाबी पट्टा. खाली एका बाजूला पवनेचं पाणी, त्याच्यामागे तुंग आणि तिकोना. समोर लोहगड, त्याच्यावर मुंग्यांसारखी माणसं. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. माझं मन अगदी भरून आलं होतं, आणि शेजारून आवाज आला.

"आजोबा, किल्ला कुठाय?"

मी म्हटलं, "अगं, हाच किल्ला. आपण त्याच्यावर उभे आहोत."

तिनं चारी बाजूंना पाहिलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्याला फसवलं आहे, पण फसवणारा आवडता माणूस आहे म्हणून बोलवत नाही, असा तो चेहरा. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "हा तर पडलाय."

मंडळी, पन्नास वर्षं किल्ले हिंडतो आहे. कुणी विचारलं तर तासभर बोलू शकतो. पण त्या तीन शब्दांवर मला पटकन काही सुचेना. कारण वर्षानुवर्षं मीही असंच म्हणत आलो होतो. पडका किल्ला, पडका वाडा, पडकी भिंत. घर जुनं झालं की पडतं, तसा किल्लाही आपोआप पडला, कुणाचा त्यात काही दोष नाही, असं आपण धरून चालतो.

विसापूर पडला नाही. विसापूर पाडला.

ती हकीकत मी तिला तटावर बसून सांगितली, तशीच तुम्हालाही सांगतो. हे दोन्ही किल्ले शिवाजी महाराजांच्या राज्यात आले. १६६५ साली पुरंदरचा तह झाला, त्यात मिर्झाराजे जयसिंगाला तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत हे दोघेही गेले. पुढे ते परत घेतले. हे सगळं तिला पुस्तकातून थोडंफार माहीत होतं. पुस्तकात नाही ते पुढचं. पेशवाईच्या अखेरीस, नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, दुसरे बाजीराव पुणं सोडून गेले आणि मग इंग्रजांनी एकेक किल्ला घ्यायला सुरुवात केली. मार्च १८१८ च्या पहिल्या आठवड्यात कर्नल प्रॉथर नावाचा अधिकारी फौज घेऊन लोहगड-विसापूरवर आला.

आता इथे डोंगराचा भूगोल लक्षात घ्या. नाव मोठं लोहगडाचं. मजबुती लोहगडाची, दरवाजे लोहगडाचे, खजिना ठेवायची जागा म्हणून लौकिक लोहगडाचा. सुरतेची लूटही तिथेच आणून ठेवली होती म्हणतात. पण उंची? लोहगड सुमारे १०३३ मीटर आणि विसापूर १०८४ मीटर. फरक पन्नासेक मीटरचा. बस, तेवढाच. प्रॉथरनं लोहगडाच्या त्या चार दरवाज्यांच्या नादी लागायचंच टाळलं. ४ मार्चला त्यानं विसापूर घेतला, इथून लोहगड तोफांच्या माऱ्याखाली आला आणि दुसऱ्या दिवशी लोहगड इंग्रजांच्या हाती पडला. त्या नागमोडी वाटेवरचे दरवाजे, एकातून दुसऱ्यात शिरताना शत्रूला कोंडीत पकडणारी ती सगळी रचना, काही उपयोगाला आली नाही. हाच प्रॉथर पुढे मे महिन्यात रायगडावर गेला. तिथे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, वाडे जळाले.

लढाई संपल्यावर लोहगडावर इंग्रजांनी आपला अधिकारी आणि थोडी शिबंदी ठेवली, ती बरीच वर्षं होती. विसापूरचे मात्र दोन्ही दरवाजे, कोकणच्या बाजूचा आणि देशाकडचा, सुरुंग लावून उडवले. मला विचाराल तर कारण साधं दिसतं. जो डोंगर ताब्यात असला की शेजारचा बलाढ्य किल्ला एका दिवसात हाती येतो, तो डोंगर दुसऱ्या कुणाच्या हाती जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. आपण ज्या वाटेनं जिंकलो ती वाट बंद करून टाका, असा तो हिशेब. लोहगड शाबूत राहिला. म्हणून आज तिथे पायऱ्या आहेत, तिकीट आहे, रांग आहे. विसापूरला त्याची उंची भोवली.

नात ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मग आता बघायचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. आम्ही शोधायला लागलो. पश्चिमेकडची तटबंदी अजून लांबच लांब उभी आहे, कुठे पुरुषभर, कुठे त्याहून उंच. तटावरून वाकून बघितलं की खालचा कडा दिसतो आणि भिंत नेमकी त्याच ठिकाणी का बांधली ते कळतं. कडा जिथे सरळ तुटलेला आहे तिथे बांधकाम कमी, जिथे माणूस चढून येऊ शकेल तिथे जास्त. ही गोष्ट तिला स्वतःलाच कळली. "इथे भिंत कशाला? इथून कोण येणार?" असं ती एका ठिकाणी म्हणाली, आणि खरोखर तिथे भिंत अगदी बुटकी होती. मग तिनं तो खेळच सुरू केला. डोळ्यांनी कडा बघायचा, भिंत किती उंच असेल ते आधी सांगायचं आणि मग जाऊन बघायचं. चार-पाच वेळा तिचं बरोबर आलं.

छप्पर उडालेल्या दोन इमारती आहेत, देशाकडच्या दरवाज्याच्या बाजूला, भोवती ओसरी असलेल्या. तिथे कचेरीचं काम चालत असावं असं म्हणतात. गवतात एक भलंमोठं दगडी जातं आहे. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, काहींत पाणी काचेसारखं आणि काहींत शेवाळ. आणि जुन्या गॅझेटियरमध्ये एका तोफेचं वर्णन आहे, ते तिला फार आवडलं. उत्तरेकडच्या तटाजवळची दहा फूट लांबीची लोखंडी तोफ, तिच्यावर इंग्लंडच्या राजघराण्याचं गुलाबाचं आणि मुकुटाचं चिन्ह, आणि शेजारी ई आणि आर ही रोमन लिपीतली दोन अक्षरं. गॅझेटियरकारांचा तर्क असा की ही पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली, कुठल्याशा इंग्रजी जहाजावरून मराठ्यांनी पटकावलेली असावी. तिचे दोन्ही बाजूंचे कान, ज्यांच्यावर तोफ गाड्यावर तोलली जाते, ते तोडून टाकले होते. म्हणजे इंग्रजांची तोफ, ती मराठ्यांनी डोंगरावर नेली आणि इंग्रजांनी परत येऊन तिचे कान कापले. नात म्हणाली, "मग त्यांनी ती घरी का नाही नेली?" मी म्हटलं, "एवढी जड तोफ घेऊन कोण उतरणार?" म्हणाली, "पण चढवली होती ना कुणीतरी?"

बघा, किल्ला म्हणजे काय ते तिला तिथे कळलं असं मला वाटतं. भिंती कुणीतरी बांधल्या. तोफ कुणीतरी चढवली. ही माणसं आपल्या इतिहासात नावानिशी येत नाहीत. पाथरवट, बेलदार, भोई, गडाखालच्या गावातले लोक. दगड फोडायचे, चुना मळायचा, पाणी धरून ठेवायचं. आपण राजे आणि तारखा पाठ करतो. ती तोफ चढवताना किती दोर तुटले असतील, त्याची नोंद कुठे असणार?

आणि नावाचाच विषय निघाला आहे तर मला तुमच्याकडे एक कबुली द्यायची आहे. यासाठीच मी आज बोलायला आलो असं म्हटलं तरी चालेल.

त्या पठारावर एक टाकं आहे, फार लोक तिकडे फिरकत नाहीत. मी कॉलेजात असताना, १९७४ साली, आम्ही चौघं मित्र विसापूरला आलो होतो. एका मित्राच्या पिशवीत छिन्नी होती. कशाला होती विचारू नका, त्या वयात पिशवीत काहीही असतं. त्या टाक्याच्या कडेला, सपाट केलेल्या कातळावर, मी माझं नाव कोरलं. नुसतं नाव नाही, आडनाव आणि सालसुद्धा. पाऊण तास लागला. अक्षर चांगलं आहे म्हणून मित्रांनी पाठ थोपटली होती.

पुढे मी बँकेत लागलो, संसार झाला, किल्ले हिंडणं सुरूच राहिलं. बरोबर येणाऱ्या तरुण मुलांना मी प्लास्टिक टाकू नका म्हणून सांगत आलो, भिंतीवर नावं लिहिणाऱ्यांवर तोंडसुख घेत आलो. अमुक आणि तमुक यांचं प्रेम आम्ही दगडावर का वाचायचं, असे विनोद करत आलो. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे, हेही मी लोकांना ऐकवत असतो. आणि माझं नाव तिथे आहे. रंगानं लिहिलेलं असतं तर चार पावसाळ्यांत धुऊन गेलं असतं. पण मी छिन्नीनं कोरलं होतं ना, चांगलं पाऊण तास खपून!

नातीला मी त्या दिवशी सगळी टाकी दाखवली. तेवढं एक सोडून. ती त्या बाजूला धावत निघाली होती तर मी "तिकडे काटे आहेत" म्हणून तिला माघारी बोलावलं. काटे नव्हते.

मी तिला घाईघाईनं तिथून दुसऱ्याच दिशेला नेलं, आणि त्या घाईतच पुढचा प्रकार झाला.

दुपारचे दोन वाजले असतील. खालून ढग वर आले. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे ठाऊक आहे, पाच मिनिटांपूर्वी समोर लोहगड होता आणि आता दहा पावलांवरचं झुडूप दिसत नाही. मी म्हटलं, काळजी नाही, आपल्याला वाट माहीत आहे. पन्नास वर्षांची वाट. पंधरा मिनिटं चाललो. पायाखालची पाऊलवाट बारीक बारीक होत गेली. मग लक्षात आलं की ही माणसांची वाट नव्हे, गुरांची आहे. विसापूरच्या पठारावर अशा गुरवाटा पुष्कळ आहेत आणि सगळ्या सारख्याच दिसतात. परत फिरलो. पुन्हा त्याच जागी आलो की दुसऱ्या, ते सांगता येईना. मग उतार लागला. मी म्हटलं, ही घळ सापडली. दगडावरून दोन पावलं खाली टाकली आणि तिसऱ्या पावलापुढे काहीच नव्हतं. नुसतं पांढरं.

मी नातीचा हात इतका घट्ट धरला की ती "आई गं" म्हणाली. मोबाइल काढला, रेंज नव्हती. तिला काही कळू नये म्हणून मी हसून काहीतरी बोललो, पण मुलांना कळतं. ती एकदम गप्प झाली होती. घरून काय काय बजावलं होतं ते सगळं मला ओळीनं आठवलं. स्वतःसाठी मी तेवढा घाबरलो नसतो.

किती वेळ तिथे उभे होतो नक्की सांगता येणार नाही. मग घंटेचा आवाज आला, गुरांच्या गळ्यातली असते ती. मी हाका मारल्या. धुक्यातून आधी एक म्हैस आली, मग तिच्यामागे डोक्यावर इरलं घेतलेल्या बाई. माझ्याच वयाच्या असाव्यात, किंवा लहानही असतील, उन्हापावसात वय कळत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाबा, तिकडं कुटं? तिकडं कडाय."

मी सांगितलं वाट चुकली. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलल्या काहीच नाहीत, पण मला शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, "तट का सोडला?"

साधी गोष्ट होती. धुकं आलं की तट धरायचा. तट डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं, भिंत कुठे पडली असेल, कुठे गुडघ्याएवढी असेल, पण ओळ तुटत नाही, आणि ती ओळ तुम्हाला दरवाज्याशी नेऊन सोडते. दरवाजा उडवलेला असला तरी वाट तिथेच असते. दर पावसाळ्यात गडाखालचे गुराखी असेच हिंडतात. मी सकाळी तास-दीड तास त्याच तटावर बसून नातीला इतिहास सांगत होतो, आणि दोनशे वर्षांपूर्वी पाडलेला तो किल्ला अजून एक काम रोज करतो आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्या आम्हाला घळीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. म्हशी मागे राहिल्या त्याची त्यांना फिकीर नव्हती. चालताना नातीला विचारत होत्या, शाळा कोणती, कितवीत, सुट्टी आहे का. मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." मग जरा थांबून, "तेवढी रिकामी बाटली असंल तर द्या." पाण्याची बाटली दिली. नातीनं आपल्या डब्यातला लाडू दिला. तो त्यांनी पदराला बांधला, खाल्ला नाही. नाव विचारायचं माझ्या लक्षात आलं ते आम्ही अर्धी घळ उतरल्यावर.

घरी मी हे सगळं सांगितलं नाही. नातीनं सांगितलं, सविस्तर, हातवारे करून. त्यानंतर आठवडाभर घरात माझ्याशी कोण कसं बोलत होतं त्याचं वर्णन आकाशवाणीच्या संहितेत बसणार नाही.

महिन्याभरात दिवाळी आली. सोसायटीच्या आवारात मुलांनी किल्ला करायला घेतला. माती, विटांचे तुकडे, गोणपाट, वर पेरलेले हळीव. या वेळी दोन डोंगर होते, मधे खिंड. बुटक्या डोंगरावर पायऱ्या, चार दरवाजे आणि मावळ्यांची गर्दी. उंच डोंगरावर नातीनं विटांचे तुकडे ओळीनं मांडले होते, काही उभे, बरेचसे आडवे, आणि एका बाजूला मातीची म्हैस. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगंबाई, हा पडला वाटतं? पाणी जास्त झालं का?" त्यावर नात जे म्हणाली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. काकूंना काही उमगलं नाही. मग तिनं त्यांना १८१८ पासून सांगायला सुरुवात केली, आणि काकूंचा चिवडा गॅसवर होता.

ती मोडलेली भिंत मी दोन दिवस येताजाता बघत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पणत्या लावून झाल्यावर, नातीला बाजूला घेतलं आणि टाक्याचं सांगितलं. काटे नव्हते हेही सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "पूर्ण नाव?"

म्हटलं, "पूर्ण. सालासकट."

"पुसता येतं का?"

नाही येत. ते घासून काढायचं म्हणजे कातळाला आणखी एक जखम करायची, आणि तसा अधिकारही आपल्याला नाही. मी तिला तसं सांगितलं. म्हणाली, मला ते बघायचंय. पावसाळा संपल्यावर, वाट कोरडी झाल्यावर आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी तिची आईही बरोबर येणार आहे, आजोबांवर नजर ठेवायला. त्या बाईंसाठी नातीनं दोन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत, आणि एका डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, "लाडू, म्हशीवाल्या आजींसाठी". मी त्यांचं नाव विचारलं नाही म्हणून तिला तसं लिहावं लागलं.